संख्याशास्त्राच्या बाईंचा हातगुण

"आणि बाकीचे?"

कुणी काही कौतुकाचं सांगायला लागलं, की बाई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि एवढंच विचारायच्या. आवाज चढवून नाही, की समोरच्याला खाली पाडायचं म्हणूनही नाही. लग्नाला एकटाच आलेल्या पाहुण्याला आपण घरच्यांबद्दल विचारतो ना, तितक्या साधेपणानं. भूगोलाच्या सरांनी एकदा सांगितलं, की त्यांचे आजोबा जन्मभर तंबाखू खाऊन नव्वदीपर्यंत ठणठणीत होते. झालं, चष्मा वर गेला.

"आणि बाकीचे?"

"कोण बाकीचे?"

"तंबाखू खाणारे बाकीचे आजोबा हो. ते कुठायत?"

भूगोलाचे सर मळलेली चिमूट तशीच धरून बसले. शेवटी खाल्लीच त्यांनी, नाही असं नाही. पण त्या दिवशी तिची चव गेली असणार.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावचं, खर्ड्याच्या रस्त्याला. बाई तिथं संख्याशास्त्र शिकवायच्या आणि मी मराठी. आता त्या श्रीरामपूरला असतात. नवऱ्याची बदली झाली म्हणून गेल्या, असं सगळ्यांना सांगितलं जातं. मीही तसंच सांगते.

बाई आम्हाला विषयाच्या नावानं हाक मारायच्या. "काय भूगोल, चहा घेणार?" "अहो मराठी, एक शब्द सांगा बरं." प्राचार्यांचा मूळ विषय रसायनशास्त्र, पण त्यांना मात्र त्या सर म्हणायच्या, तेवढा व्यवहार त्यांना कळत होता. उंचीनं कमी, चालणं भरभर, आणि खांद्याला पर्स अशी की तीत एखादं मूल मावावं. त्या पर्समध्ये एका पुरचुंडीत फोडलेले चिंचोके असायचे, एका बाजूनं पांढरे, दुसऱ्या बाजूनं तपकिरी. लहानपणी फाशांऐवजी आपण टाकायचो तसले. वर्गात गेल्या की पहिल्या बाकावर ओतायच्या. "टाका. पांढरं किती वेळा पडतंय बघू." पोरं आधी खेळ म्हणून टाकायची, मग भांडत टाकायची, मग हळूहळू गप्प होऊन टाकायची.

"मागच्या वेळी आपण पांढरे पडलो होतो, हे चिंचोक्याच्या लक्षात राहतं का रे?" बाई विचारायच्या.

मराठीच्या माणसाला आकड्यांचं वावडं असतं, असा एक समज आहे. माझ्यापुरता तो खरा आहे. पण बाईंचा वर्ग माझ्या वर्गाला लागून होता आणि मधली भिंत नावाला होती. त्यामुळे माझी पोरं उपमा आणि उत्प्रेक्षा शिकता शिकता संभाव्यताही शिकायची, आणि खरं सांगायचं तर तिकडंच जास्त कान द्यायची.

मग मोबाइलवर बोलणारा तो एआय चॅटबॉट आला. कॉलेजात मोबाइलला बंदी होती, आणि बंदी होती म्हणूनच तो प्रत्येकाच्या दप्तरात होता. बाईंनी प्राचार्यांच्या मागे लागून आपल्या तासापुरती परवानगी काढली. आम्हाला वाटलं, आता पोरं सगळी गणितं त्याच्याकडून सोडवून घेणार आणि बाई खुर्चीत बसून वारा घेणार. इतिहासाचे सर तर म्हणाले, "चला, स्टाफरूममधली एक खुर्ची रिकामी झाली." बाईंनी भलतंच केलं. त्याला एकही गणित घातलं नाही. त्याला सोंग घ्यायला लावलं.

"तू पाणाड्या आहेस," त्यांनी मोबाइलला सांगितलं.

आमच्या भागाबाहेरच्यांना सांगायला हवं. पाणाड्या म्हणजे जमिनीखाली पाणी कुठं आहे ते सांगणारा माणूस. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानातून चालतो, आणि नारळ उभा राहिला की तिथं पाणी. मग तिथं बोर घ्यायचा. आमची बाजू कोरडी, ढग आमच्यावरून पुढं जातात ते कुठं जातात देव जाणे. त्यामुळे गावाला डॉक्टर नसला तरी भागतं, पाणाड्या लागतोच. शिकलेली माणसंही त्याला बोलावतात. फक्त ती जरा अंधार पडायच्या बेतात बोलावतात.

"तू पंचक्रोशीतला नामांकित पाणाड्या आहेस. तू दाखवलेल्या जागी हमखास पाणी लागतं, असं तुझं म्हणणं आहे. आता ही पोरं तुला प्रश्न विचारतील. सहजासहजी हार मानायची नाही."

मोबाइल खणखणीत आवाजात बोलू लागला. "नमस्कार! मी एक अनुभवी जलशोधक आहे. आपल्या सर्व शंकांचे निरसन करण्यास मी उत्सुक आहे."

मला भिंतीपलीकडं राहवेना. मी दारात जाऊन म्हणाले, "मॅडम, असा पाणाड्या आपल्या तालुक्यात अजून जन्माला यायचाय." वर्ग खो खो हसला. एका पोरानं त्याला गावाकडचं बोलायला सांगितलं, तर तो "राम राम पाव्हणं, लई झ्याक परश्न इचारला बघा" असं नाटकातल्या खेडुतासारखं बोलायला लागला. पोरांनी बाकं बडवली.

त्या हसण्याच्या आडून बाई त्यांना बरोबर हव्या त्या वाटेला नेत होत्या. किती बोर सांगितले? किती कोरडे गेले? कोरडे गेले ते तुम्हाला येऊन कोण सांगतं? मोबाइल गडबडला की पोरं ओरडायची आणि बाई त्यांना थांबवायच्या. "तो हरला ते सोडा. कुठल्या प्रश्नानं हरला ते सांगा."

त्या दिवशीचा शेवटचा प्रश्न कोमलनं विचारला. ही खिडकीजवळ बसायची. गाव खर्ड्याच्या पलीकडं. आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यांच्या भागात जायचे आणि ही आजीपाशी राहून शिकायची. एरवी तोंडातून शब्द निघायचा नाही. ती उभी राहून मोबाइलला म्हणाली, "तुम्ही दाखवलेल्या जागी पाणी लागलं, ठीक हाय. पण त्याच रानात न दाखवलेल्या जागी बोर घेतला असता तर तिथं बी लागलंच असतं का न्हाई? ते कधी बघितलं का तुम्ही?"

मोबाइल लगेच म्हणाला, "आपला मुद्दा अतिशय योग्य आहे. माझा दावा सिद्ध होत नाही. मी माझे म्हणणे मागे घेतो."

टाळ्या झाल्या. चहाच्या सुट्टीत बाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. "अहो मराठी, तुलना मागितली तिनं! न दाखवलेली जागा मागितली! हे मला एम.एस्सी.ला गेल्यावर कळलं हो." त्यांनी बशीत चहा ओतला, आणि मग जरा वेळानं म्हणाल्या, "हा मोबाइल फार लवकर हार मानतो, एवढं एक वाईट आहे. खरा पाणाड्या असा मानायचा नाही."

तेव्हा आम्ही दोघी हसलो आणि आपापल्या तासाला गेलो.

खरा पाणाड्या काही दिवसांनी त्यांच्याच घरी आला. सासर शेतकऱ्याचं, नवरा शाळेत मास्तर. सासऱ्यांच्या मनानं घेतलं, माळावर बोर घ्यायचा. रविवार होता. बाईंनी पाणाड्याला चहा दिला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बाबा, तुम्ही सांगितलं तिथं सगळीकडं पाणी लागलं?"

"सगळीकडं."

"एकही कोरडा नाही?"

"जे कोरडं गेलं त्ये मी दावल्याच्या हातभर बाजूला घेतलं आसंल. गाडीवालं कुठं नीट लावत्यात?"

"आणि तुम्ही न दाखवलेल्या जागी जर—"

"सूनबाई," सासरे म्हणाले, "च्यात साखर कमी हाय."

हा प्रसंग बाईंनी मला स्टाफरूममध्ये सासऱ्यांच्या आवाजासकट करून दाखवला होता. साखर टाकून आल्यावर त्यांनी शेवटचा उपाय म्हणून मोबाइल काढला आणि सासऱ्यांच्या देखत त्याला विचारलं. त्यानं सांगितलं, नारळानं पाणी शोधण्याला शास्त्रीय आधार नाही, मात्र स्थानिक परंपरांचा आदर राखावा. सासरे पाणाड्याकडं वळून म्हणाले, "बगा, त्यो सुदिक म्हंतोय, आदर करा."

त्या घरची रीत अशी, की बोरच्या गाडीची पूजा थोरल्या सुनेनं करायची. पाईपाला हळदकुंकू लावायचं, हात लावायचा, नारळ फोडायचा. थोरली सून म्हणजे आमच्या बाई. त्यांनी मुकाट्यानं फोडला. आणि पाणी लागलं. नुसतं लागलं नाही, गाडीच्या वर उसळलं. सासरे चिंब भिजले, आणि पाणाड्याला बाजूला सारून सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडले, "सूनबाईच्या हाताला यश हाय!"

श्रेय पाणाड्याला गेलं असतं तरी परवडलं असतं. त्याच्याशी भांडायची बाईंनी तयारी केली होती. स्वतःच्या हाताशी कसं भांडायचं, हे त्यांच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं.

शेजाऱ्यानं बोर घेतला तेव्हा बाईंना बोलावणं आलं. शेजारी म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? त्यालाही पाणी लागलं. मग शेजाऱ्याचा मेहुणा आला, मग मेहुण्याच्या गावचा सरपंच. यंदा पाऊस बरा झालाय, विहिरी भरल्यात, कुणीही नारळ फोडला तरी पाणी लागलंच असतं, हे बाई येईल त्याला समजावून सांगायच्या. येणारा शांतपणे ऐकून घ्यायचा. "व्हय मॅडम, बराबर हाय तुमचं. मग गाडी सकाळी धाडू का दुपारी?"

त्यांनी चॅटबॉटकडून एक नम्र नकार लिहून घेतला, मोबाइलच्या स्टेटसला ठेवायला. आधी मला दाखवला. 'मजकडे कोणतीही दैवी शक्ती नसून' अशी सुरुवात होती. मी 'मजकडे'चं 'माझ्याकडे' केलं. मराठी सुधारली, बाकी काही सुधारलं नाही. तो वाचून लोकांची खात्रीच पटली. "येवढं यश आसून गर्व कसला तो न्हाई बगा बाईला."

एकदा प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. बाईंना वाटलं, तक्रार आली. आता हे सगळं आपोआप बंद होईल. त्या अक्षरशः आनंदानं गेल्या. प्राचार्य खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझा स्वतःचा विश्वास नाही हं मॅडम. पण मिसेसचा आहे."

तुम्ही म्हणाल, बाईंनी सरळ ठणकावून नाही सांगायचं. सांगून बघा. दारात म्हातारी येऊन बसते, तुमचे पाय धरायला वाकते, आणि तुम्ही तिला नमुना निवड समजावून सांगणार? तिच्या पोराचं रान उन्हाळ्यात करपलेलं असतं आणि तुमच्याकडून तिला फक्त हात हवा असतो. बाई जायच्या. परत आल्या की साबणानं कुंकू धुवायच्या.

"ज्यांचं पाणी लागतं ते पेढे घेऊन येतात हो," एकदा त्या मला म्हणाल्या. "ज्यांचं लागत नाही ते येतच नाहीत. माझ्या हाताचे बाकीचे मलाच सापडत नाहीत."

आणि वर्गात मोबाइलचा पाणाड्या रोज हरत होता. पोरं तयार झाली होती. त्याला कुठं गाठायचं, कुठल्या प्रश्नानं कोंडायचं, सगळं त्यांना येत होतं. तास संपला की त्यांतलंच एखादं पोर दारापाशी घोटाळायचं. "मॅडम, आमच्यात शुक्रवारी बोर हाय. वडलांनी इचारलंय." मला त्या पोरांचा भयंकर राग यायचा. बाईंना यायचा नाही. "प्रश्न कसा विचारायचा ते मी शिकवलं," त्या म्हणायच्या. "घरात विचारायचा कसा, ते मला तरी कुठं येतं?"

दसरा झाला आणि एक दिवस कोमल स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

तिच्या आईची कंबर त्या वर्षी धरली होती. उठता-बसता येईना. ऊसतोडीला माणूस एकटा जात नाही. नवरा-बायकोची जोडी धरतात, तिलाच एक कोयता म्हणतात. एकानं तोडायचं, एकानं मोळ्या बांधायच्या. आई नाही म्हटल्यावर जोडीला कोमलनं जायचं, असं घरात ठरत आलं होतं. वडिलांनी मात्र एक वाट शिल्लक ठेवली होती. रानात बोर घ्यायचा. पाणी लागलं तर यंदा कुणीच ऊसतोडीला जायचं नाही, घरच्या रानात भाजीपाला करायचा, आणि पोरीनं शिकायचं. नाही लागलं तर दिवाळीनंतर कोमल कारखान्याच्या गाडीत.

"मॅडम, आण्णांनी तुम्हाला बोलावलंय. नारळाला."

बाईंनी तिला समोर बसवलं. "कोमल, तुला माहितीये ना?"

"माहितीये."

"मग तू सांगायचंस त्यांना."

"सांगितलं. आण्णांनी माझाच मोबाईल घेतला आन् एआयला इचारलं, बाईंनी नारळ फोडला तर आमच्या बोरला पानी लागंल का. त्यो म्हनला, नारळाचा काय संबंध न्हाई, आधी भूजलाच्या मानसाला जागा दाखवा. आन् शेवटी म्हनला, तुमच्या बोरला भरपूर पानी लागो, शुभेच्छा. आण्णांनी तेवढंच धरलं."

एरवी मी ह्यावर आठवडाभर हसले असते.

"मी नाही येत," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांकडं गेले ते गेले. तुझ्या घरी येऊन मी हे सोंग करणार नाही."

"तुमी नाही आल्या आन् पानी नाही लागलं," कोमल म्हणाली, "तर आण्णा जन्मभर म्हनत ऱ्हातील, मॅडम आल्या असत्या तर लागलं असतं. मला बी तसंच वाटत ऱ्हाईल. तुमी या. म्हंजे तेवढी एक गोष्ट तरी बाजूला काढता येईल."

एक गोष्ट बाजूला काढून बघायची, हे बाईंनीच वर्गात घासून घासून शिकवलेलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डोळे चोळले.

"आणि लागलं तर?"

"लागलं तर मी कालेजात हाय, मॅडम."

रविवारी सकाळी मी बाईंच्या स्कुटीवर मागं बसून गेले. माळावर बोरची गाडी लागलेली. गाडीवरची माणसं तमिळनाडूकडची, त्यांना मराठी कळत नव्हती. वस्तीवरच्या बायका बांधावर बसल्या होत्या. कोमलची आई बाजेवर, कमरेला पट्टा. वडील धावत पुढं आले, डोक्यावर स्वच्छ टोपी. "या बाई, या. तुमचीच वाट बगत हुतो."

बाईंनी पूजा केली. पाईपाला हळदकुंकू लावलं, हात लावला, नारळ फोडला. यंत्र सुरू झालं आणि पांढरा फुफाटा आभाळात चढला. एक पाईप आत गेला. दुसरा चढवायच्या आधी वडील ताट घेऊन पुढं आले. "बाई, ह्याला बी हात लावा." बाईंनी लावला. पुढच्यालाही लावला. मग तसंच सुरू राहिलं. पाईप उचलायचा, वडिलांनी ताट पुढं करायचं, बाईंनी कुंकू लावायचं, आणि खालून पीठ उडाल्यासारखी नुसती माती. मध्ये एकदा फुफाट्याचा रंग बदलला, जरा ओलसर झाला. बांधावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. कोमलच्या आईनं बाजेवरूनच हात जोडले. मग पुन्हा पांढरं उडायला लागलं आणि बायका एकेक करून खाली बसल्या.

पुढचं मी इथंच सांगून टाकते, कारण मला शेवट त्यावर करायचा नाही. पाणी लागलं नाही. दिवाळीनंतर कोमल वडिलांबरोबर गेली. बाई तिला मोबाइलवर धडे पाठवायच्या, 'हा प्रश्न चॅटबॉटला असा विचारून बघ' म्हणून सांगायच्या. सुरुवातीला तिकडून उत्तर यायचं, नंतर येईना. परीक्षेला ती आली नाही. पुढच्या जूनमध्ये बाई गेल्या. मास्तरांची बदली झाली हे खरं आहे, पण ती मागून घेतलेली होती. त्या गेल्यावरही लोक माझ्याकडं त्यांचा नंबर मागायचे, बोरसाठी.

आणि ती बाजूला काढायची गोष्ट बाजूला निघालीच नाही. गावानं असं ठरवलं, की बाईंच्या हाताला यश आहेच. पण कोमलच्या बोरला त्यांनी मनापासून हात लावला नव्हता. शिकलेली बाई, विश्वास नव्हता, म्हणून पाणी लागलं नाही. हे मी दहा तोंडांतून ऐकलंय आणि दर वेळी माझ्या अंगाचा तिळपापड झालाय. कारण मी तिथं होते.

त्या रविवारी माळावर शेवटी गाडीवाल्यानं हातानं खूण केली, बंद करू का? कोमलच्या वडिलांनी टोपी काढली, तिनंच तोंड पुसलं आणि म्हणाले, "बास. ऱ्हाऊ द्या आता." यंत्र थांबलं. कानात दडे बसले होते, त्यामुळे सगळं माळरानच बहिरं झाल्यासारखं वाटलं. बायका पदर झटकत निघाल्या. वडील बाईंसमोर येऊन म्हणाले, "तुमाला उगं तरास झाला बाई." आणि ते बाजेकडं वळले.

बाई जागच्या हलल्या नाहीत. गाडीच्या अंगाला उरलेले पाईप रचून ठेवले होते, त्यांच्यापाशी त्या उभ्या होत्या. त्यांनी कुंकवाचं ताट खाली ठेवलं. वरच्या पाईपावर दोन्ही तळहात टेकवले. आता त्यांना कुणी हात लावायला सांगितलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले, पण देवळात तरी त्यांना असं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

"अजून एक टाका ना," त्या म्हणाल्या.

गाडीवाल्याला कळलं नाही.

"हा एक. हा एवढा टाकून बघा. भैया, एक और. सिर्फ एक."

गाडीवाल्यानं कोमलच्या वडिलांकडं पाहिलं. वडिलांनी मान खाली घातली. मी पुढं व्हायला हवं होतं, पण झाले नाही. बाई पुन्हा म्हणाल्या, "लागेल हो. मला वाटतंय, लागेल."

तेव्हा कोमल आली. केसांपासून पापण्यांपर्यंत पांढरी झालेली. ती बाईंच्या शेजारी उभी राहिली.

"मॅडम, चला. आईनं च्या ठेवायला सांगितलाय."

बाईंनी मान हलवली, नाही म्हणून. कोमलनं त्यांचा एक हात पाईपावरून अलगद सोडवला, मग दुसरा. स्वतःच्या ओढणीनं दोन्ही तळहातांवरची माती पुसली, लहान मुलाचे हात पुसतात तशी. मग ती त्यांना हाताला धरून घराकडं घेऊन गेली.